बीप वाजली, पण नोंद कुठाय?

निघोजे म्हटलं की बाहेरच्या माणसाला हटकून पारनेर तालुक्यातलं निघोज आठवतं, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांचं. हे निघोजे खेड तालुक्यातलं, इंद्रायणीच्या उत्तरेचं. चाकण एमआयडीसीचा चौथा टप्पा इथे आहे, महिंद्राचा २०१० साली सुरू झालेला मोटारींचा कारखाना इथे आहे, आणि त्याच्या आसऱ्याने कुरुळी, मोई, महाळुंगे, खालुंब्रे या पंचक्रोशीत वाढलेल्या शेडच्या शेड आहेत. कुणी पत्रा दाबतं, कुणी रबर ओततं, कुणी वायरिंगचे जुडगे बांधतं. नावात जरासा फरक पडला की पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला होतो, हे ठाऊक असलेल्या गावात प्रत्येक वस्तूला नंबर का चिकटवतात, हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या शेडमध्ये नंबर दोन प्रकारचे. एक माणसाच्या गळ्यातला, एक मालाच्या पेटीवरचा, म्हणजे बिनवरचा. गळ्यातलं कार्ड गेटवर रीडरसमोर धरायचं, बिनवरचं स्टिकर डिस्पॅचला स्कॅनरने टिपायचं. दोन्ही यंत्रं यूएसबीची वायर लावून कॉम्प्युटरला जोडलेली, दोन्ही काही शे रुपयांपासून मिळणारी, आणि दोन्ही वाचल्यावर तोच आवाज काढणारी. हा आवाज आला की माणूस पुढे सरकतो. माझा लेख आहे तो या आवाजावर ठेवलेल्या भरवशाबद्दल. कारण बीप वाजते ती रीडरमध्ये. कॉम्प्युटरने काही ऐकलं, समजून घेतलं, लिहून ठेवलं, याची ती पावती नसते. रीडरला नंबर कळला, एवढंच ती सांगते. पुढचं काम ज्याचं असतं त्या प्रोग्रॅमला ही बीप ऐकूही येत नाही.

एका प्रेसशॉपमधला प्रसंग सांगतो. नाव छापायचं नाही या अटीवर सांगितलेला. ठेकेदाराकडून आलेल्या एका बाईंची नाईट पगारात धरलीच नाही. त्यांचं म्हणणं एकच: "बीप वाजली होती की ओ! चौघींचीही वाजली." हजेरीच्या फाइलमध्ये त्या रात्री पावणेदहा ते सव्वादहा कोरं. सुपरवायझर म्हणाला, कार्ड नीट धरलं नसेल. मेंटेनन्सला डिप्लोमा झालेला एक पोरगा होता, त्याने मात्र कार्ड न बघता गेटवरचा कॉम्प्युटर बघितला. रात्रीच्या वॉचमनने भजन लावलं होतं. यूट्यूबची सर्च हिस्टरी उघडली, तर दोन भजनांच्या मधोमध आकडे. पहिल्यांदा दहा आकडी, मग वीस, मग तीस, नंबरांची आगगाडीच. हजेरीच्या खिडकीऐवजी कर्सर यूट्यूबच्या शोधपट्टीत होता, आणि रीडरने इमानेइतबारे प्रत्येक कार्डाचा नंबर तिथे टाइप करून एंटर मारला होता. "मामा, तुमच्या भजनात चौघींची हजेरी अडकलीय," असं तो वॉचमनला म्हणाला. त्या हिस्टरीवरून पगार दिला गेला, हे विशेष.

इथे 'टाइप करून' हा शब्दप्रयोग अक्षरशः घ्यायचा आहे. हे रीडर कॉम्प्युटरला स्वतःची ओळख 'मी कीबोर्ड आहे' अशीच करून देतात. ही जुनी युक्ती. यूएसबी येण्याआधी कीबोर्डची वायर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक डबी खोचायचे, स्कॅनर तिला जोडायचे, आणि कॉम्प्युटरला वाटायचं की कुणीतरी भराभर कळा दाबतंय. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं. इंटेलच्या ज्या चमूने ते घडवण्यात पुढाकार घेतला, त्यात बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. त्या मानकाबरोबर कीबोर्ड-माऊससारख्या उपकरणांसाठी एक सामाईक भाषाही ठरली, आणि स्कॅनर बनवणाऱ्यांनी तीच उचलली. फायदा उघड आहे: ड्रायव्हर नको, सॉफ्टवेअर नको, नोटपॅड उघडा, कार्ड धरा, नंबर उमटला. विकणारा दुकानात हेच करून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. खरं तर त्या प्रात्यक्षिकातच सगळं दुखणं दिसत असतं. नोटपॅड उघडलं म्हणून नोटपॅडमध्ये उमटलं. दुसरं काही उघडं असतं तर तिथे उमटलं असतं.

कीबोर्ड अक्षरं पाठवत नाही, कळांचे क्रमांक पाठवतो. कोणत्या कळेचं कोणतं अक्षर, ते कॉम्प्युटर ठरवतो. आपल्याकडे याचा एक खास मराठी घोळ होतो. ऑफिसातल्या कुणीतरी नोटीस टाइप करायला मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू केला आणि तसाच ठेवला, तर पी-के-एम अशी इंग्रजी कॅपिटल अक्षरं असलेलं स्टिकर स्कॅन केल्यावर पडद्यावर 'झखश' उमटतं. स्टिकरचा नंबर इंग्रजी 'ई'ने सुरू होत असेल तर 'आ' येतो. काही मराठी लेआउट आकडेही देवनागरीत उमटवतात, आणि ते जास्त फसवं. पायथॉन ही आज असल्या कामांसाठी सर्रास वापरली जाणारी भाषा देवनागरी आकडे संख्या म्हणून बिनतक्रार समजून घेते. '१२३' दिलं तरी ती एकशे तेवीसच मानते. पण नंबर मजकूर म्हणून यादीशी ताडला, तर देवनागरी एक आणि रोमन एक तिच्या लेखी वेगळे. म्हणजे अर्धा प्रोग्रॅम बरोबर चालतो आणि अर्धा 'असा कर्मचारी नाही' म्हणतो. झखश दिसलं तर निदान कुणी हसेल आणि विचारेल. आकड्यांकडे कोण बघतं?

कार्डाकडेही जरा जवळून बघायला हवं. गेटवरची स्वस्त, पांढरी, जाडसर कार्डं बहुधा १२५ किलोहर्ट्झवर चालणारी असतात. आत बॅटरी नसते; तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक चिप. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रात आलं की त्यावरच चिप जागी होते आणि आपला नंबर पुन्हा पुन्हा म्हणत राहते. यातल्या सर्वात पसरलेल्या ईएम-४१०० या प्रकारात एकूण ६४ बिट असतात. सुरुवातीला सलग नऊ एक, म्हणजे 'इथून ऐका' अशी खूण. मग चार-चार बिटांच्या दहा ओळी आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पडताळणीचा एक बिट, खाली चार उभ्या रकान्यांची पडताळणी, शेवटी शून्य. जमाखर्चाच्या वहीत आडवी आणि उभी बेरीज जुळवतात तसंच. एखादा बिट चुकीचा ऐकू आला तर बेरीज जुळत नाही आणि रीडर गप्प राहतो. म्हणून रीडर चुकीचा नंबर सहसा देत नाही. घोटाळे होतात ते रीडरच्या पुढे.

कार्डावर छापलेला नंबर पाहा. समजा त्यावर ०००८१२३४५६ आणि पुढे १२३,६२५२८ असं आहे. हे दोन नंबर नव्हेत. पहिला म्हणजे सबंध संख्या; दुसऱ्यात तीच संख्या ६५,५३६ ने भागून आलेला भागाकार १२३ आणि उरलेली बाकी ६२,५२८. एका कंपनीचा रीडर पहिलं रूप टाइप करतो, दुसऱ्या कंपनीचा दुसरं. जुना रीडर बिघडला, बाजारातून नवा आणला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी फर्स्ट शिफ्ट 'अनोळखी' ठरली, असे किस्से या पट्ट्यात कुणालाही विचारा. त्यात एक्सेलची भर. एक्सेलला पुढची शून्यं म्हणजे कचरा वाटतो. ०००८१२३४५६ चं ८१२३४५६ होतं आणि यादीशी जुळत नाही. कार्डाचा नंबर हा आकड्यांनी लिहिलेला असला तरी तो आकडा नाही, नाव आहे. त्याची बेरीज कुणी करणार नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच सांभाळायचा, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

तर त्या पोराने काय केलं? त्याने गेटवर एक छोटा, लिनक्सवर चालणारा रास्पबेरी पाय बसवला. हा तळहाताएवढा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिल्यांदा विक्रीला आला, तो शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून. आज कारखान्यांच्या पॅनेलमध्येही तो सापडतो. त्यावर त्याने पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली. पहिली आवृत्ती दहा ओळींची असेल: ओळ येऊ दे, वाच, फाइलमध्ये लिही. टेबलावर ती झकास चालली. असल्या स्क्रिप्ट टेबलावर नेहमीच झकास चालतात.

गेटवर लावल्यावर खरी गंमत. स्क्रिप्ट ज्या काळ्या खिडकीत चालू होती ती कुणी मागे टाकली, की पुन्हा भजनाचाच प्रकार. म्हणून त्याने खिडकीचा नादच सोडला आणि रीडरचं थेट ऐकायचं ठरवलं. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण एखाद्या फाइलसारखं उघडता येतं. कीबोर्डची फाइल उघडली की कळांच्या घटना एकेक करून हाती येतात: कोणती कळ, दाबली की सोडली. इथे नवखा हमखास ठेचकाळतो. दाबलं म्हणजे १, सोडलं म्हणजे ०, दाबून धरलं म्हणजे २. हे न गाळता सगळंच धरलं तर प्रत्येक आकडा दोनदा येतो. शिवाय कळांचे क्रमांक आकड्यांशी जुळत नाहीत: १ च्या कळेचा क्रमांक २, ९ चा १०, शून्याचा ११ आणि एंटरचा २८. कीबोर्डवर शून्य नऊच्या उजवीकडे असतं, म्हणून हा क्रम. एक तक्ता लिहून काढला की झालं. मराठी लेआउटचा प्रश्न इथेच मिटतो, कारण अक्षरापर्यंत गोष्ट जातच नाही. कळ कळच राहते.

पण फाइल उघडली म्हणजे बाकीच्यांचं ऐकणं थांबत नाही. स्क्रिप्ट ऐकते, आणि समोरच्या पडद्यावरही आकडे उमटतात. त्यासाठी लिनक्समध्ये उपकरण 'ग्रॅब' करायची सोय आहे: हा कीबोर्ड आता फक्त माझा, इतर कुणाला काही द्यायचं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाची ओळ हीच. विंडोजवर काम असेल तर कळ कोणत्या कीबोर्डवरून आली ते ओळखता येतं, पण ती इतरांपासून अडवणं तितकं सरळ नाही. तिथे दुसरा रस्ता बरा, त्याकडे येतोच.

मग प्रश्न आला तो धीराचा. नंबर एकदम येत नाही, कळेमागून कळ येतो. स्क्रिप्टने एंटर येईपर्यंत थांबायचं, आलेले तुकडे साठवत राहायचे, एंटर आला की लांबी तपासायची, दहा नसेल तर टाकून द्यायचं आणि तसं सांगायचं. बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देता उत्तर देणारी माणसं असतात, तशा स्क्रिप्टही असतात. उलट बाजूही आहे. मध्येच वायर हलली, पाच आकडे आले आणि एंटर आलाच नाही, तर ते पाच आकडे पुढच्या माणसाच्या नंबराला चिकटतात. म्हणून आकड्यांमध्ये काही क्षणांहून जास्त खंड पडला तर साठवलेलं फेकायचं. यंत्र टाइप करतं तेव्हा दोन कळांमध्ये काही मिलिसेकंदच जातात. माणसाची बोटं तेवढी चालत नाहीत. यामुळे कुणी साधा कीबोर्ड लावून दुसऱ्याचा नंबर हाताने टाइप केला, तर तेही पकडता येतं. अर्थात, हे कार्ड गुपित असं काही ठेवत नाही. नंबर विचारणाऱ्या कोणालाही तो सांगतं, आणि त्याची नक्कल करणारी कोरी कार्डं बाजारात मिळतात. मित्राची हजेरी लावणं थांबवायचं असेल तर हे कार्ड त्या कामाचं नाही.

वायरीचं दुखणं वेगळंच. प्रेसशॉपमध्ये प्रेस पडली की जमीन हादरते, आणि यूएसबीचा प्लग हा काही नटबोल्टने आवळलेला नसतो. क्षणभर सुटला आणि परत लागला, की लिनक्स त्याला नवा पाहुणा समजून नवा क्रमांक देतं. जुन्या फाइलकडे कान लावून बसलेली स्क्रिप्ट एक तर चूक दाखवून मरते, किंवा जगते आणि काहीच ऐकत नाही. दुसरं जास्त वाईट, कारण रीडर बीप देतच असतो. त्यामुळे उपकरण क्रमांकाने न शोधता त्याच्या कायम ओळखीने शोधायचं, आणि गेलं तर दर काही सेकंदांनी पुन्हा शोधत राहायचं. स्क्रिप्टच मेली तर तिला उठवणारा कुणीतरी हवा; ते काम लिनक्सच्या सेवा-व्यवस्थेवर सोपवता येतं.

दुसरा रस्ता सीरियल पोर्टचा. बरेच बारकोड स्कॅनर कीबोर्डाचं सोंग सोडून जुन्या कॉम-पोर्टसारखे वागू शकतात. त्यासाठी त्यांच्या माहितीपुस्तिकेतला एक विशिष्ट बारकोड त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचा. ती पुस्तिका खोक्यासोबत कचऱ्यात जाते, म्हणून कुणाला हे ठाऊक नसतं. या रीतीत कर्सर, लेआउट, कॅप्स लॉक, कशाचाच संबंध उरत नाही. विंडोजवर मी डोळे मिटून हीच सुचवेन. सापळा एकच: पोर्टकडे 'काय आलंय?' असं विचारलं की त्या घडीला जेवढं आलं असेल तेवढंच मिळतं, अर्धं स्टिकरसुद्धा. इथेही शेवटची खूण येईपर्यंत थांबणं आलंच.

या भागात बारकोडचं काय महत्त्व आहे ते कळायला थोडं मागे जावं लागतं. दुकानातला पहिला बारकोड २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावर वाचला गेला. पण आज चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण जो चौकोन टिपतो, तो क्यूआर कोड किराणा दुकानात जन्मला नाही. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांसाठी घडवला. त्याच्या तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांत काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण १:१:३:१:१ असं ठेवलं, कारण छापील कागदांवर हे प्रमाण सर्वात कमी आढळलं होतं. म्हणून स्कॅनर गोंधळत नाही. आणि सर्वात वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. तेलकट हातांनी हाताळलेल्या बिनवर स्टिकर कसं दिसतं ते निघोज्यात पाहिलं, की ही सोय कुणाच्या अनुभवातून आली असेल ते कळतं. आपल्या यूपीआयचा चौकोन हा मुळात या धंद्याचा भाऊबंद आहे, हे चाकणच्या लोकांनी थोडं मिरवायला हरकत नाही.

मालाच्या नोंदीमागे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती आणि तिच्याखालचे १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले नियम यांमुळे, दोष असलेली वाहनं परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं. तशी वेळ आली तर प्रश्न येतो: हा ब्रॅकेट कोणत्या लॉटचा, तो लॉट कोणत्या गाड्यांना लागला? नोंद नेमकी असेल तर ठरावीक गाड्या बोलावता येतात; नोंदीत भोक असेल तर शंकेपोटी सगळ्याच. मोटार उद्योगातल्या आयएटीएफ १६९४९ या २०१६ च्या मानकातही माग काढता येण्याची अट आहे, आणि ऑडिटच्या आठवड्यात या पट्ट्यातल्या स्टोअरमध्ये स्टिकर पुसायला फडकी का निघतात, त्याचं कारण हेच. मालाची नोंद हुकली की डेबिट नोट येते, मीटिंग होते, जपानी नावाचे तक्ते भिंतीवर लागतात. माणसाची हुकली की सुपरवायझर म्हणतो, कार्ड नीट धरलं नसेल. एकाच यंत्राच्या एकाच चुकीला दोन वेगळे न्याय लागतात, हे मला खटकलं ते खटकलंच. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला. पण तास मोजणारा जर कीबोर्डाच्या सोंगातला रीडर असेल, तर दुप्पट कशाची करायची तेच ठरत नाही.

म्हणून त्या पोराच्या स्क्रिप्टमधला मला सर्वात आवडलेला भाग वाचण्याचा नव्हताच, उत्तर देण्याचा होता. नोंद डिस्कवर लिहून झाली की मगच गेटवरचा हिरवा दिवा लागतो आणि छोट्या पडद्यावर नाव, वेळ आणि 'आत' किंवा 'बाहेर' दिसतं. नंबर अर्धवट आला तर लाल. तेच कार्ड मिनिटभरात पुन्हा धरलं तर दुसरी नोंद होत नाही, पण पिवळा दिवा लागून पहिल्या नोंदीची वेळ दिसते; नाहीतर माणूस गोंधळून तिसऱ्यांदा धरतो. नेट गेलं तरी नोंद तिथल्या तिथे राहते आणि मागाहून ऑफिसच्या कॉम्प्युटरकडे जाते. रीडरची बीप त्याला बंद करायची होती, पण त्या रीडरमध्ये ती सोय नव्हती. त्याने बझरवर दोन थर चिकटपट्टी लावली. "ताई, आवाजावर जाऊ नका, हिरवा दिसल्याशिवाय हलू नका," असं पहिले काही दिवस तो गेटवर उभा राहून सांगत होता. नाईटच्या लोकांना दोन आठवडे लागले. कान सवयीचा असतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आत जायच्या आणि बाहेर पडायच्या रांगेला त्याने दोन रीडर लावले, एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून आलेले. महागड्या यंत्रांना प्रत्येकी वेगळा अनुक्रमांक असतो. या दोघांना नाहीच. कॉम्प्युटरला ते जुळ्या भावंडांसारखे सारखेच दिसतात. त्यामुळे कोणता 'आत'चा आणि कोणता 'बाहेर'चा, हे केवळ कोणत्या खाचेत वायर आहे त्यावरून ओळखावं लागतं. त्याने एका खाचेला हिरवा रंग लावला, एकीला लाल, आणि वायरींच्या टोकांनाही तेच. साफसफाईत कुणी वायरी काढून उलट्या लावल्या, की आलेली सगळी शिफ्ट 'बाहेर' पडते. यावर उपाय म्हणून त्याने स्क्रिप्टला एवढंच शिकवलंय की सकाळी सातच्या सुमाराला ओळीने दहा जण 'बाहेर' पडायला लागले तर दिवा लाल कर आणि मला फोन कर. मालकांकडे त्याने वेगळे अनुक्रमांक असलेले रीडर मागितले आहेत. खरेदी विभागाने तीन कोटेशन मागवली आहेत.